मालकांनी चार्ज दिला

दूध तापत ठेवून आई मागच्या दाराशी कुणाशी बोलत उभी राहिली, की पुढच्या दारातून हाक यायची, "दुधापाशी कोण आहे?"

आवाज एवढा मोठा, की शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांतल्या बायका आपापल्या चुलीकडे धावायच्या. आई कपाळाला आठ्या घालून आत यायची आणि दूध वर आलेलं बघून मुकाट्याने भांडं उतरवायची. दारात कुणी नसायचं. हाक देऊन मालक पुढे गेलेले असायचे.

ते आमच्या डोंबिवलीच्या चाळीचे मालक. चाळ म्हणजे एका ओळीत सहा बिऱ्हाडं, पुढे लांब ओटा, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे भातखाचरं. सहातलं पहिलं बिऱ्हाड मालकांचं. त्यांना नावाने कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे मालक म्हणायचे, आणि त्यांच्या बायकोला काकू.

अठ्ठावीस वर्षं त्यांनी ठाकुर्लीच्या वीजघरात काढली होती. रेल्वेच्या गाड्या ज्या विजेवर धावायच्या ती तिथे तयार व्हायची, आणि मालक तिथे काट्यांकडे बघत बसायचे. दाबाचा काटा, उष्णतेचा काटा, आणखी कसले कसले काटे. तासातासाला आकडे लिहायचे, शेवटी शेरा मारायचा, "ठीक". रुळांच्या कडेकडेने चालत जायचे, चालत यायचे, आणि घरी आल्यावर कंदिलाची काच पुसायला घ्यायचे, कारण आमच्या भागात तेव्हा वीज नव्हती. बाबा एकदा गमतीने म्हणाले, "मालक, दिवसभर वीज करता आणि घरी रॉकेल जाळता." मालकांना त्यात गंमत वाटली नाही. ते म्हणाले, "कंदील बरा. तो लावून कुणी बाहेर जात नाही."

निवृत्त झाल्यावर त्यांनी वीजघराची शिस्त चाळीला लावली. दर तासाला एक फेरी. विहिरीचं पाणी कितव्या पायरीला आहे, रहाटाची दोरी कुठे झिजली आहे, गोठ्यातली गाय बसली आहे की उभी, कुणाच्या दाराला कडी नाही, कुणाचं वाळवण कावळ्यांच्या तावडीत आहे. फेरी झाली की आपल्या दाराशी टांगलेल्या दगडी पाटीवर खडूने तास लिहायचे आणि पुढे "ठीक". रात्री झोपताना पाटी पुसायची. "कुठलीही चालू गोष्ट एकटी सोडू नये," हे त्यांचं आवडतं वाक्य. यात चूल आली, गाय आली, लोणच्याची बरणी आली, आणि माणसंही आली.

आईला टायफॉइड झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. बाबांना ऑफिसातून फार रजा मिळेना. मालक सकाळी आपली वेताची खुर्ची घेऊन आमच्या दाराबाहेर येऊन बसले ते बाबा येईपर्यंत. आत एकदाही आले नाहीत. तासातासाने मला विचारायचे, "श्वास नीट आहे? पाणी घेतलं?" मी मान हलवली, की घड्याळ बघायचे आणि पुन्हा समोर बघत बसायचे. असे अकरा दिवस. काकू पेज करून पाठवायच्या, मालक राखण करायचे. आई बरी झाल्यावर त्यांच्या पाया पडायला गेली, तर ते गडबडले. "मी काही केलं नाही," म्हणाले, "मी नुसता होतो."

त्या दिवसापासून "दुधापाशी कोण आहे" ऐकल्यावर आईच्या कपाळावर आठ्या आल्या नाहीत.

माझी स्कॉलरशिपची परीक्षा कल्याणला होती. तेव्हाही तेच मला घेऊन गेले. शाळेच्या आवारात एक चिंच होती. तिच्याखाली पेपर संपेपर्यंत बसून राहिले. इतर मुलांबरोबर आलेली मोठी माणसं चहाला गेली, बाजारात जाऊन आली, हे हलले नाहीत. मी बाहेर आले तेव्हा पेपर कसा गेला असं त्यांनी विचारलं नाही.

"मध्ये बंद पडलीस का?"

"एका गणिताला पडले."

"परत चालू झालीस ना?"

"झाले."

"मग ठीक," म्हणाले आणि छत्री उघडून चालू लागले.

ते असे का झाले याबद्दल चाळीत बरीच मतं होती. कुणी म्हणे लहानपणी त्यांच्या घराला आग लागली होती, कुणी म्हणे वीजघरातल्या साहेबाचा धाक. मी मोठी झाल्यावर काकूंना एकदा विचारलं. त्या वाती वळत होत्या. "कारण कसलं गो," त्या म्हणाल्या, "स्वभाव. लग्नात सप्तपदी चालतानासुद्धा मागे वळून होमाकडे बघत होते."

या स्वभावाची झळ काकूंनाच लागली, पण त्या बोलून दाखवायच्या नाहीत. त्या गुहागरकडच्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन डोंबिवलीला आल्या. माहेरचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी त्या भावाबरोबर भरतीच्या पाण्यात नारळ सोडायच्या आणि कुणाचा आधी परत किनाऱ्याला लागतो ते बघत बसायच्या. लग्नानंतर दोनदा माहेरी जाणं झालं. मग आई गेली, वडील गेले, भाऊ नोकरीसाठी इंदूरला गेला आणि घराला कुलूप लागलं. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे माहेरपणाचं निमित्तही उरलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. आणि मुंबईचा समुद्र आमच्या चाळीपासून दोन तासांवर होता. मालकांना रेल्वेचे फुकट पास मिळायचे. ते पास वर्षानुवर्षं पेटीत पडून राहायचे आणि मुदत संपली, की काकू त्यांचे बंब पेटवायला तुकडे करायच्या.

"जाऊ की," मालक म्हणायचे. "घराकडे बघायला कुणीतरी मिळालं, की जाऊ." असं कुणी कधी मिळालं नाही, कारण घराकडे बघणं म्हणजे काय हे फक्त मालकांनाच माहीत होतं.

त्या वर्षी भाऊबीज झाली आणि शाळांना अजून आठवडाभर सुट्टी होती. बाबांनी एक दिवस मुंबईला जायचं ठरवलं. सकाळी राणीची बाग, दुपारनंतर चौपाटी. माझी सहा वर्षांची बहीण बेबी आदल्या आठवड्यापासून हत्तीशी काय बोलायचं याची तयारी करत होती. विहिरीवर पाणी भरताना आई काकूंना म्हणाली, "तुम्ही येता आमच्याबरोबर?"

आईला वाटलं होतं, काकू म्हणतील, यांना विचारते. काकूंनी भरलेली घागर खाली ठेवली, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "येते."

ही बातमी मालकांना काकूंनी कशी सांगितली ते माहीत नाही. पण दोन दिवस मालकांच्या फेऱ्या फार झपाझप होत होत्या आणि कुणाच्या दुधाची चौकशी झाली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दाराशी आले.

"कितीची गाडी?" त्यांनी बाबांना विचारलं.

"सातची. तुम्हीही चला ना."

"तेच बघतोय," मालक म्हणाले. "चार्ज कुणाला द्यायचा."

चार्ज शेवटच्या खोलीतल्या मास्तरांच्या गळ्यात पडला. हे चित्रकलेचे मास्तर, एकटे राहायचे, आणि सुट्टीत उशिरापर्यंत झोपण्यापलीकडे त्यांचा काही बेत नव्हता. मालकांनी आदल्या दिवशी त्यांना बरोबर घेऊन सबंध चाळीची फेरी मारली. आम्ही मुलं मागे मागे.

"विहिरीला दोन पोहरे आहेत. डावा गळतो. तो कुणाला देऊ नका, पण गळतो असं सांगूही नका, बायका वाद घालतात."

"बरं."

"गाय दुपारी दोनला उठते. उठली नाही तर जवळ जाऊन उभं राहायचं. हाकलायचं नाही. नुसतं उभं राहायचं."

"मालक, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"सगळं एका दिवसातच होतं, मास्तर," मालक म्हणाले आणि त्यांनी पाटी आणि खडू मास्तरांच्या हातात दिला. तो देताना त्यांचा हात जरा रेंगाळला, हे मी पाहिलं.

निघताना मालकांच्या अंगात वीजघरातला खाकी कोट होता, पायात तिथलेच जाड तळाचे बूट, हातात छत्री. काकूंनी हिरवं इरकली लुगडं नेसलं होतं आणि नाकात नथ घातली होती. समुद्र बघायला जाताना नथ कशाला, असं बेबीने मोठ्याने विचारलं. "माहेरी चाललेय गो मी," काकू म्हणाल्या. आईने बेबीचा हात दाबला.

राणीच्या बागेत मालक रमले. हत्ती त्यांनी पाहिला न पाहिल्यासारखा केला, पण माहुताला गाठून हत्ती किती वाजता खातो, किती वाजता झोपतो आणि माहूत जेवायला गेल्यावर त्याच्यापाशी कोण असतं, हे सगळं विचारून घेतलं. माहुताचा भाऊ असतो, हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं. झाडाखाली बसून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी खाल्ली. मालक मध्येच म्हणाले, "एक वाजला. मास्तर विहिरीवर असतील." 

तिथून ट्रामने गिरगावाकडे. काकू खिडकीशी बसल्या होत्या. चौपाटी जवळ आली तसा वारा बदलला, खारट, ओलसर वास आला. काकूंनी एकदम मान खाली घातली आणि मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिल्या.

"काकू, बघा ना, आला समुद्र," मी म्हणाले.

"इतक्यात नको. हे पुढच्या बाकावर आहेत. खाली उतरू, मग दोघं मिळून बघू."

वाळूवर उतरलो तेव्हा चार वाजत आले होते. ऊन उतरलं होतं आणि दिवाळीच्या सुट्टीमुळे माणसं बरीच होती. वाळूच्या सुरुवातीलाच एका माणसाने लाकडी घोड्यांचा गोल पाळणा उभारला होता. बाजूला एक छोटं तेलावरचं इंजिन, त्याच्यावरून पट्टा गेलेला, आणि घोडे गोल गोल फिरत होते. बेबी तिकडे धावली. आम्ही तिच्या मागे. काकू समुद्राकडे पाठ करून चालत होत्या, आईच्या दंडाला धरून.

मालक थबकले. मान तिरकी करून ऐकू लागले. एवढ्या यंत्रांच्या गोंगाटात आयुष्य काढून त्यांना माणसांचं बोलणं कमी ऐकू यायचं, पण इंजिनाचं बोलणं यायचं.

"बेअरिंग तापलंय," ते म्हणाले.

पाळणेवाला साताऱ्याकडचा असावा. मालक त्याच्याशी जाऊन बोलले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, बसायचं तर घोड्यावर बसा, न्हाईतर सरका. पोरं खोळंबल्यात."

"हात लावून बघ."

"काय हात लावू?"

"तू लावून तर बघ."

त्याने हात लावला आणि झटक्याने मागे घेतला. मग निमूटपणे इंजिन बंद केलं. घोडे हळूहळू थांबले. मालकांनी कोट काढून बाबांच्या हातात दिला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "तेलाची नळी बुजलीये. तेलही संपत आलंय. हे असं तासभर चाललं असतं तर दांडा अडकून पट्टा तुटला असता. पोरांच्या अंगावर आला असता."

त्या माणसाचा चेहरा उतरला. तेल आणायला त्याला गावदेवीकडे जावं लागणार होतं आणि बरोबर दुसरं कुणी नव्हतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"जा तू," मालक म्हणाले. "मी आहे."

काकूंनी हे ऐकलं. समुद्र त्यांच्या पाठीमागे शंभर पावलांवर होता. लाटांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"येईल अर्ध्या तासात. तेल घालून, नळी साफ करून, पाऊण तास." मालकांनी आकाशाकडे पाहिलं. "सूर्य मावळायच्या आत होईल."

बाबा म्हणाले, "मालक, मी बसतो इथे. तुम्ही जा काकूंबरोबर."

"तुम्हाला इंजिनातलं काय कळतं?"

"काही नाही. पण ते बंद आहे."

"बंद इंजिनाकडेच बघावं लागतं. पोरं पट्टा ओढतात, नळ्यांत वाळू घालतात."

काकू वाळूवर बसल्या, समुद्राकडे पाठ करूनच. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. बेबी भुईमुगाच्या शेंगा खाऊन कंटाळली. आई एकदा मालकांकडे बघत होती, एकदा काकूंकडे. मला मालकांचा त्या क्षणी राग आला. आमच्या दाराशी अकरा दिवस बसलेला माणूस हाच, हे माहीत असूनही आला.

मग काकू उठल्या. लुगड्याची वाळू झटकली. मालकांजवळ जाऊन, आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही बसा. मी जाऊन येते."

मालकांनी मान वर केली. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण ते म्हणाले फक्त, "जपून."

काकू वळल्या. आता समुद्र समोर होता. थोडं चालल्या, थांबल्या, पुन्हा चालल्या. ओल्या वाळूवर आल्यावर त्यांनी चपला काढून माझ्याकडे दिल्या आणि वाकून पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला.

"इथला रंग मळका आहे हो," त्या आईला म्हणाल्या. "आमचा निळा. पण वास तोच."

लाट आली. बेबी किंचाळून मागे पळाली. काकूंनी तिला आणि मला दोन्ही हातांना धरलं. "पळायचं नाही. लाट मागे जाते तेव्हा पायाखालची वाळू ओढते. तेव्हा टाचा रोवायच्या. अशा." त्यांनी आम्हाला दाखवलं. लाट गेली, पाय आत रुतले, पोटात गुदगुल्या झाल्या. आम्ही हसलो तशा काकूही हसल्या. मग आम्हाला आईजवळ सोडून त्या एकट्याच पुढे गेल्या. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. कासोटा घातलेली बाई पाण्यात अडखळत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. पाणी मांड्यांपर्यंत आलं. आई घाबरून हाक मारू लागली, पण काकू ऐकत नव्हत्या, किंवा ऐकून थांबत नव्हत्या. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्या उभ्या राहिल्या. प्रत्येक लाटेला थोड्या उचलल्या जात होत्या आणि पुन्हा खाली टेकत होत्या.

इकडे काय झालं ते बाबांनी नंतर सांगितलं. मालक इंजिनापाशी बसले होते, पण त्यांची नजर ठरत नव्हती. गर्दीतून काकू दिसेनात म्हणून ते पाळण्याच्या लाकडी चौथऱ्यावर चढले. घोड्याच्या मानेला धरून टाचा उंच करून बघू लागले. पाण्यात हिरवं लुगडं दिसलं.

"तिच्यापाशी कोण आहे?" त्यांनी बाबांना विचारलं.

"आमची मंडळी आहेत काठावर."

"काठावर आहेत. तिच्यापाशी कोण आहे?"

बाबांनी उत्तर देण्याआधीच मालक चौथऱ्यावरून उतरले होते. इंजिन, पट्टा, नळी, सगळं तिथे टाकून ते निघाले. बाबा म्हणायचे, त्यांना पळताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. छत्री हातातच राहिली होती.

आम्ही त्यांना येताना पाहिलं. ते आमच्यासमोरून गेले, पण आम्ही त्यांना दिसलो नसावेत. बुटांसकट पाण्यात शिरले. एका लाटेने त्यांना मागे ढकललं, तोल गेला, छत्री टेकवून सावरले, पुढे गेले. काकूंजवळ पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं, एवढा दम लागला होता.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बूट भिजले की तुमचे," त्या म्हणाल्या.

"एकटीच काय आलीस इतकी पुढे?"

"तुम्ही नव्हता ना," काकू म्हणाल्या. "आता आलात."

मालकांनी त्यांचा हात धरला. त्या काळी आमच्या चाळीत नवऱ्याने बायकोचा हात चारचौघांत धरलेला कुणी पाहिला नव्हता. आईने मान वळवली आणि बेबीच्या फ्रॉकची वाळू झटकू लागली, जी नव्हतीच. मी मात्र बघत राहिले. ते दोघं हळूहळू काठाकडे आले आणि घोटाभर पाण्यात थांबले. मालक कधी लाटांकडे, कधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. ते लाटा मोजत होते.

"हे असंच चालू असतं?" त्यांनी विचारलं.

"असंच."

"रात्रीही?"

"रात्रीही."

"पावसाळ्यात?"

"तेव्हा तर विचारू नका. घरात झोपलं तरी ऐकू येतं."

मालक बराच वेळ बघत राहिले. "आणि कुणी बघत नाही," असं ते म्हणाले. ते काकूंना म्हणाले, की स्वतःशी, ते कळलं नाही.   सूर्य पाण्यावर आला होता आणि त्यांच्या नथीचे मोती लाल दिसत होते.

पाळण्यापाशी परतलो तेव्हा तेल आलेलं होतं. बाबा मालकांच्या जागी मुलांना हुसकावत उभे होते. कोट त्यांनी अंगावर चढवला होता, कदाचित अधिकार दिसावा म्हणून. मालकांनी ओल्या बुटांनीच खाली बसून तार घालून नळी मोकळी केली, तेल घातलं, आणि इंजिन सुरू झालं. आता आवाज खरंच वेगळा आला, आम्हालाही कळला. पाळणेवाल्याने हात जोडले. "बाबा, पैशे घेणार न्हाई. सगळी बसा."

बेबी बसली, मी बसले. आई लाजून नाही म्हणाली. काकूंनी लुगडं पिळून घेतलं आणि एका पांढऱ्या घोड्यावर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसल्या.

"तुम्हीही या की," पाळणेवाला मालकांना म्हणाला.

"मी इथे बरा आहे," मालक म्हणाले आणि इंजिनाजवळ उभे राहिले. पाळणा फिरू लागला. काकू समोरून जायच्या तेव्हा ते हात थोडा वर करायचे, जसा गार्ड गाडीला करतो. काकू दर फेरीला मान वळवून बघायच्या, अजून उभे आहेत ना ते. त्या दिवशी त्यांनी समुद्र बघितला, पण त्यांना जास्त आनंद कशाचा झाला हे मी आजही सांगू शकणार नाही.

घरी यायला साडेआठ झाले. दिवेलागण होऊन गेली होती. मालक टांग्यातून उतरून थेट आपल्या दाराशी गेले आणि कंदील उचलून पाटी बघू लागले. सकाळी आठपासून प्रत्येक तास लिहिलेला होता, सुंदर, चित्रकलेच्या मास्तरांच्या अक्षरात, प्रत्येकापुढे "ठीक". शेवटी रात्रीचे नऊ, ठीक. आणि नऊला अजून अर्धा तास होता.

मास्तर खोलीतून बाहेर आले. डोळे चोळत होते. पाटीकडे नजर गेली आणि त्यांच्या लक्षात आलं.

 मालकांनी पाटी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचली.

"मास्तर," ते म्हणाले, "तुम्ही तर पुढचंही बघून ठेवलंत."

आणि फेरी न मारता ते आत गेले. बूट दारातच काढले. आतून काकूंचं हसणं ऐकू आलं, आणि मग मालकांचंही.

मालक एका दिवसात बदलले असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विहिरीवर त्यांचा आवाज होताच. गाईपाशी उभं राहणं सुटलं नाही, दुधाची चौकशी सुटली नाही. पण त्या हिवाळ्यात ते दोघं आणखी एकदा चौपाटीला गेले, आणि पुढच्या वर्षी तीनदा. पासांचे तुकडे बंबात जाणं थांबलं. मास्तरांना चार्ज देताना सूचना कमी कमी होत गेल्या. शेवटी शेवटी मालक नुसती पाटी त्यांच्या दाराला टेकवून ठेवायचे आणि मास्तर उठले नसले तरी निघून जायचे.

मी मॅट्रिक झाले त्या वर्षी काकूंच्या भावाचं गुहागरहून पत्र आलं. इंदूरची नोकरी संपली होती, त्याने गुहागरचं घर उघडलं होतं, विहीर उपसली होती. ताई, तुम्ही दोघं दिवाळीनंतर या, आणि परत जायची घाई करू नका, असं त्याने लिहिलं होतं. काकूंनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. त्यांना वाचता येत होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

बोटीने जायचं होतं. निघायच्या दिवशी ओट्यावर एक वळकटी, एक ट्रंक आणि एक फिरकीचा तांब्या ठेवलेला होता. टांगा दाराशी उभा होता. काकू कधीच जाऊन टांग्यात बसल्या होत्या आणि पुढे बघत होत्या. मालकांनी घराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि किल्ली घेऊन आमच्या दाराशी आले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

"महिना लागेल," मालक म्हणाले. "जास्तही लागेल. घराकडे बघाल ना?"

"बघेन. रोज फेरी मारेन," आई म्हणाली.

मालकांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"रोज नको," ते म्हणाले. "आठवण झाली तर."